‘बाहेरच्यांसाठी काढलेले’ सिनेमे

एखाद्या सिनेमाला परदेशात बक्षीस मिळाले की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘हे लोक असले सिनेमे बाहेरच्यांसाठी काढतात.’ शाळेच्या स्टाफरूममध्ये ते शुद्ध मराठीत येते, टिळा लावणाऱ्या सहकाऱ्याकडून. संध्याकाळी मोहल्ल्यात तेच वाक्य दखनीत येते, ‘मास्टरसाब, ये सब अपने कू बदनाम करने के वास्ते है’, दाढीवाल्या चाचांकडून. दोघांचे एकमेकांशी एरवी कशावरच जमत नाही. इथे मात्र दोघे एका बाकावर बसतात. दोघांमध्ये आणखी एक साम्य आहे, ते म्हणजे दोघांनीही तो सिनेमा पाहिलेला नसतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. सिनेमाचे वेड मात्र कोणत्याही बी.एड. कॉलेजात मिळालेले नाही, ते आधीपासूनचे आहे. त्या वेडापायीच हा लेख लिहितो आहे, कारण या एका वाक्याने आपले फार नुकसान केले आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

हे वाक्य नवे नाही. 1980 साली राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर हाच आरोप केला होता, की ते देशाची गरिबी परदेशात नेऊन विकतात. ज्या ‘पथेर पांचाली’ला 1956 साली कान महोत्सवात गौरवले गेले, तो पश्चिम बंगाल सरकारच्या पैशातून पुरा झालेला सिनेमा होता. गंमत बघा, स्वतः नर्गिस ज्या सिनेमासाठी अजरामर झाल्या तो ‘मदर इंडिया’ तरी काय दाखवतो? सावकाराचे कर्ज, दुष्काळ, चिखलात नांगर ओढणारी बाई. तोही ऑस्करला गेला होता, परदेशी भाषेच्या विभागात नामांकन मिळवणारा तो पहिला भारतीय सिनेमा. बक्षीस फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ने नेले. त्या गरिबीबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण ती गाण्यांसह होती. पुढे 1992 साली राय यांना मानद ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षी भारतरत्नही. बाहेरच्यांनी पाठ थोपटली की घरच्यांनाही हात उचलावासा वाटतो. मग बाहेरच्यांच्या मताला किंमत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणखी मागे जाऊ. 1946 साली पहिल्याच कान महोत्सवात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च सन्मान मिळाला, इतर दहा सिनेमांबरोबर विभागून. कथा हयातुल्ला अन्सारी यांची, पटकथेत ख्वाजा अहमद अब्बास. उर्दू घेऊन बी.ए. केलेल्यांनाही अन्सारी हे नाव फक्त कथाकार म्हणून माहीत असते. कानमध्ये भारताला मिळालेल्या पहिल्या सन्मानामागे एका उर्दू अफसानानिगाराची कथा होती, हे आमच्या अभ्यासक्रमात कुठेही नाही. सिनेमा म्हणजे उनाडक्या, असे समजून आम्हीच तो आमच्या तालमीतून बाहेर काढला. आता मात्र ‘आमच्यावर कुणी चांगला सिनेमा काढत नाही’ म्हणून रडतो.

आता 2024 कडे येतो, कारण त्या वर्षी या वाक्याचा कळस झाला.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कानमध्ये ग्रां प्री मिळाले, म्हणजे पाल्म दोरच्या खालोखालचे बक्षीस. तीस वर्षांनी एखादा भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत उतरला होता. ही पुण्याच्या एफटीआयआयची विद्यार्थिनी, 2015 च्या संपात भाग घेतला म्हणून गुन्हा दाखल झालेल्यांपैकी एक. सिनेमा मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सेसचा आणि त्यांच्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीचा आहे. ही पार्वती आपली आहे. नवरा गिरणी कामगार होता, तो वारला. खोलीचे कागद तिच्या नावावर नाहीत, बिल्डर दारात उभा आहे. शेवटी ती सामान बांधून रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. छाया कदम यांनी ही बाई अशी उभी केली आहे की लालबाग-परळमध्ये राहिलेल्या कोणालाही ती शेजारीण वाटावी. दोन नर्सेसपैकी धाकटी अनू, तिचे शियाझ नावाच्या मुसलमान मुलावर प्रेम आहे. त्याला भेटायला त्याच्या मोहल्ल्यात जाता यावे म्हणून ती बुरखा विकत घेते. ना भाषण, ना दंगल, ना ‘जिहाद’. दोन तरुण जीव आहेत आणि या शहरात त्यांना बसायला जागा नाही, एवढेच.

या सिनेमाला डावलून फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या निवड समितीने ऑस्करला ‘लापता लेडीज’ पाठवला. 29 सिनेमे होते, समितीत 13 जण होते आणि तेराही पुरुष. निवडपत्रात त्यांनी भारतीय स्त्रीचे वर्णन शरणागती आणि वर्चस्व यांचे विचित्र मिश्रण असे केले, त्यावर हसून झाले आहे, पुन्हा हसत नाही. मला बोचले ते त्यांचे दुसरे विधान. फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले की कपाडियांचा सिनेमा पाहताना समितीला भारतात घडणारा युरोपियन सिनेमा पाहतोय असे वाटले.

म्हणजे काय वाटले? रत्नागिरीला परत जाणारी गिरणी कामगाराची विधवा युरोपियन आहे? भाड्याच्या खोलीत दोघी, पावसाळ्यात गळणारी मुंबई, मराठी-मल्याळम-हिंदीची सरमिसळ, लोकलचा शेवटचा डबा, यातले युरोपात काय असते? ‘लापता लेडीज’ही मला आवडला, त्यातही छाया कदमच आहेत आणि मंजू माईच्या टपरीवरच तो सिनेमा खरा उभा राहतो. प्रश्न दोन सिनेमांच्या भांडणाचा नाही. भारतीय असण्याची एक ठराविक चव ठरवायची आणि ती नसेल तर नागरिकत्वच काढून घ्यायचे, ही जी सवय आहे तिचा आहे. आम्हा मुसलमानांना ही सवय चांगली ओळखीची आहे. ‘तसे तुम्ही इथलेच, पण…’ या वाक्यातला ‘पण’ आम्ही लहानपणापासून ऐकतो. तो आता सिनेमालाही लागला.

पुढचे ऐका. ‘लापता लेडीज’ पहिल्या पंधराच्या यादीतही आला नाही. त्या पंधरात एक हिंदी सिनेमा होता खरा, संध्या सुरी यांचा ‘संतोष’. पण तो पाठवला होता ब्रिटनने. एका दलित मुलीचा खून, तपास करणारी महिला हवालदार, कोठडीत मार खाणारा मुसलमान तरुण. आपल्या सेन्सॉरने त्यात एवढी काटछाट सुचवली की 2025 मध्ये तो इथल्या चित्रपटगृहांत येऊ शकला नाही. त्याच वर्षी जर्मनीने ऑस्करला मोहम्मद रसूलोफ यांचा फार्सी सिनेमा पाठवला, तेहरानमध्ये चोरून चित्रित केलेला. फ्रान्सने पाठवला तो स्पॅनिश भाषेत आणि मेक्सिकोची गोष्ट सांगणारा. आणि हो, कपाडियांचा सिनेमा फ्रान्सच्याही विचाराधीन यादीत होता. तो आपला म्हणायला फ्रेंच तयार होते, आपण नव्हतो.

इथे कोणी म्हणेल, सर, तुम्ही ऑस्करचे फारच मनावर घेता. अजिबात नाही. ऑस्करबद्दल माझ्या मनात काडीचाही भक्तिभाव नाही. दक्षिण कोरियाचे बाँग जून-हो यांनी ऑस्कर हा फार स्थानिक पुरस्कार आहे असे हसत हसत सांगितले होते, आणि काही महिन्यांतच, 2020 साली, त्यांच्या ‘पॅरासाइट’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर नेले. इंग्रजी नसलेल्या सिनेमाला हे मिळायला ब्याण्णव समारंभ लागले. त्याच वर्षी अकादमीने ‘परदेशी भाषेतला चित्रपट’ हे जुने नाव बदलून ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ केले. नाव बदलले, नियम तोच ठेवला, अर्ध्याहून अधिक संवाद इंग्रजीशिवाय हवेत. लगेच नायजेरियाचा ‘लायनहार्ट’ बाद झाला, कारण त्यात इंग्रजी जास्त. ज्या देशावर इंग्रजांनीच इंग्रजी लादली, त्या देशाला सांगायचे की तुमच्या तोंडी इंग्रजी शोभत नाही!

‘एक देश, एक सिनेमा’ हा नियम तर आणखी वाईट. कारण मग देश कोणता आणि तो कोण ठरवणार हे आलेच. 2006 मध्ये हानी अबू-असद यांच्या ‘पॅराडाइज नाऊ’ला नामांकन मिळाले, तेव्हा भांडण सिनेमाच्या गुणांवर नव्हतेच, पाटीवर काय लिहायचे यावर होते. शेवटी समारंभात ‘पॅलेस्टिनी प्रदेश’ म्हटले गेले. 2025 मध्ये ‘नो अदर लँड’ला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले, पॅलेस्टिनी आणि इस्रायली अशा चौघांनी मिळून केलेला सिनेमा. तेव्हाही अमेरिकेत त्याला वितरक नव्हता. महिन्याभरात चौघांपैकी हमदान बल्लाल यांना त्यांच्याच गावात मारहाण झाली. अकादमीचे पहिले पत्रक आले त्यात त्यांचे नावसुद्धा नव्हते. सदस्यांनी आरडाओरडा केल्यावर माफी आली.

तेव्हा बाहेरच्या बक्षिसांत राजकारण आहे हे मला चाचांनी समजावून सांगायची गरज नाही. माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे. बक्षीस देणारा स्वार्थी आहे, म्हणून सिनेमा खोटा आहे, ही उडी. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षक पक्षपाती असला म्हणून मुलाने लिहिलेला निबंध वाईट ठरत नाही, निबंध वाचावा लागतो.

म्हणून इराणबद्दल बोलायचे. आपल्या लोकांत ठाम समज आहे की इराणी सिनेमांना पश्चिमेत बक्षिसे मिळतात ती इस्लामची बदनामी केल्याबद्दल. असगर फरहादी यांचा ‘अ सेपरेशन’ घ्या, 2012 चे ऑस्कर. त्यात रझिया नावाची एक गरीब बाई आहे. एका सुखवस्तू घरात म्हाताऱ्याची देखभाल करायला येते. म्हाताऱ्याला स्मृतिभ्रंश आहे, कपडे खराब होतात. परपुरुषाला धुणे-पुसणे आपल्याला जायज आहे का, हे ती फोन करून धार्मिक सल्ला देणाऱ्यांना विचारते. हा प्रसंग फरहादींनी कुठेही टिंगल म्हणून घेतलेला नाही. पुढे तिचा गर्भपात होतो, खटला उभा राहतो, शेवटी नुकसानभरपाईचे पैसे घरात यायची वेळ येते. नवरा कर्जात बुडालेला आहे, सावकार समोर बसले आहेत. तिने फक्त कुरआनावर हात ठेवून सांगायचे आहे की हे त्या माणसामुळेच झाले. आणि ती ठेवत नाही. कारण तिला खात्री नाही. पैसा जातो, संसार जातो, पण खोटी कसम ती खात नाही.

(शेवट सांगून टाकला, माफ करा. पण तेरा-चौदा वर्षांत पाहिला नाहीत, तर चूक निम्मी तुमचीही आहे.)

मला सांगा, एका सामान्य मुसलमान बाईचे ईमान इतक्या अदबीने दाखवणारा सिनेमा आपल्या हिंदीत शेवटचा कधी पाहिला? जिला दुनिया अडाणी म्हणेल, तीच सगळ्या सिनेमात सर्वांत ताठ उभी आहे. याला बदनामी म्हणणाऱ्याने एकतर सिनेमा पाहिला नाही, किंवा ईमान म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही.

आणि तेहरानच्या सत्ताधाऱ्यांनी काय केले? त्या वर्षी स्पर्धेत एक इस्रायली सिनेमाही होता, म्हणून सरकारी टीव्हीने तो इस्रायलवरचा विजय म्हणून साजरा केला. पुढच्याच महिन्यात फरहादींच्या सत्काराचा कार्यक्रम मात्र होऊ दिला नाही. त्यांना बक्षीस हवे होते, ते मिळवणारा माणूस नको होता. जाफर पनाहींवर 2010 मध्ये सहा वर्षे तुरुंग आणि वीस वर्षे सिनेमा काढायला बंदी अशी शिक्षा सुनावली गेली. आरोप तोच, देशाविरुद्ध प्रचार. त्यांनी घरात बसून सिनेमा काढला, मग टॅक्सी चालवत काढला. व्हेनिस आणि बर्लिनची सर्वोच्च बक्षिसे होतीच, 2025 मध्ये कानचे पाल्म दोरही मिळाले. सत्तेवरच्या माणसाला टोपी असो, पगडी असो की टाय, ‘बाहेरच्यांसाठी काढलेला सिनेमा’ हे वाक्य सर्वांनाच सोयीचे पडते, हे एवढ्यावरून कळायला हरकत नाही.

आपल्या घरातलेही बोलू. 2015 साली माजिद मजीदी यांचा पैगंबरांच्या (स.) बालपणावरचा सिनेमा आला, संगीत ए. आर. रहमान यांचे. तो इराणने ऑस्करला पाठवला होता. मुंबईतल्या रझा अकादमीने मजीदी आणि रहमान दोघांविरुद्ध फतवा आणला. पैगंबरांवर सिनेमा असावा की नसावा हा गंभीर प्रश्न आहे, त्यावर सुन्नी आणि शिया उलेमांची मते वेगळी आहेत, आणि ज्याला तो पाहायचा नाही त्याच्या भावनेची मी कदर करतो. पण वाद त्या प्रश्नावर झाला नाही. वाद झाला ‘हा सिनेमा बदनामीसाठी काढला’ यावर, आणि तो करणाऱ्यांपैकी किती जणांनी एक तरी दृश्य पाहिले होते? त्याच वर्षी भारताकडून ऑस्करला गेला होता चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी ‘कोर्ट’. व्हेनिसमध्ये दोन बक्षिसे आणि राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवलेला. एका लोकशाहिराच्या गाण्याने म्हणे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, म्हणून त्याच्यावर खटला. कलेवर न पाहता-ऐकता आरोप कसा ठेवला जातो, हाच त्याचा विषय. आम्ही मुसलमानांनी तो पाहायला झुंबड उडवायला हवी होती. कुठे उडाली?

आणि जे म्हणतात की बाहेरच्या बक्षिसांना मान देऊ नका, देशाची बक्षिसे पुरेशी आहेत, त्यांच्यासाठी थोडेसे. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार 2023 मध्ये कोणाला जाहीर झाला? ‘द कश्मीर फाइल्स’ला. एक वर्ष आधी गोव्याच्या इफ्फीत परीक्षक मंडळाचे प्रमुख नदाव लापिद यांनी याच सिनेमाला मंचावरून प्रचारपट म्हटले होते. काश्मिरी पंडितांचे दुःख खरे आहे, त्यावर दहा सिनेमे निघोत, मी पहिल्या रांगेत बसून पाहीन. पण सगळ्या शेजाऱ्यांना खुनी ठरवून एकात्मता कशी होते? पुढे पुरस्काराच्या नावातून नर्गिस दत्त हेच नाव काढून टाकले गेले. 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘द केरला स्टोरी’ला. तेव्हा स्टाफरूममध्ये मी ऐकले नाही कुणी म्हणताना, की हा सिनेमा कोणासाठी काढला आहे.

त्याच 2025 मध्ये मात्र फेडरेशनने ऑस्करला नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’ पाठवला. एक मुसलमान, एक दलित, दोन मित्र, पोलीस भरतीची परीक्षा, मग लॉकडाउनमधली ती घरची वाट. सेन्सॉरने कात्री लावलीच, तरी पाठवला याचे श्रेय द्यायला हवे. पहिल्या पंधरात पोहोचला, पाचात नाही. नाही तर नाही. ‘श्वास’च्या वेळी 2004 मध्ये महाराष्ट्राने वर्गणी काढली होती, लोकांनी पदरचे पैसे दिले होते, नामांकन तेव्हाही मिळाले नाही. पण वर्गणी देणाऱ्यांनी सिनेमा पाहिला होता. मला हेवा वाटतो तो त्याचा.

‘परदेशी’ या शब्दाबद्दल भाषेचा मास्तर म्हणून एक सांगतो. अब्बास किआरोस्तमी यांच्या एका सिनेमाचे मूळ नाव आहे ‘खाना-ए-दोस्त कुजास्त’, मित्राचे घर कुठे आहे. एक मुलगा चुकून आणलेली मित्राची वही परत करायला गावोगाव धावतो, एवढीच गोष्ट. त्या नावातला दोस्त तुमचा आहे. खाना म्हणजे घर, जो दवाखान्यात आणि कारखान्यात रोज तुमच्या तोंडी आहे. तीनपैकी दोन शब्द मराठी माणसाच्या घरात राहतात आणि आपण त्या सिनेमाला परका म्हणतो. हॉलिवूडच्या सिनेमातला एकही शब्द असा घरचा नसतो, तरी तो मल्टिप्लेक्समध्ये हाउसफुल!

वर्गात मी मजीदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ दाखवतो. 1999 साली त्याला ऑस्करचे नामांकन होते. बहिणीचे बूट हरवलेला अली शर्यतीत धावतो, त्याला तिसरा नंबर हवा आहे, कारण तिसऱ्याचे बक्षीस बूट आहेत. तो पहिला येतो आणि रडतो. आठवीची पोरे खाली सबटायटल वाचायचेही विसरतात. मग भांडतात, अलीने मुद्दाम हळू धावायला हवे होते की नाही यावर. दोन तास भांडतात. ‘हा सिनेमा कुणी कुणासाठी काढला’ असे आजवर एकाही पोराने विचारलेले नाही.

तेव्हा माझे म्हणणे सरळ आहे. निवड समितीत बायका हव्यात, वेगवेगळ्या भाषांचे लोक हवेत, आणि ‘भारतीय वाटत नाही’ हे कारण म्हणून चालू नये. उर्दू आणि मराठी शाळांत वर्षाला चार तरी सिनेमे दाखवावेत, प्रोजेक्टर धूळ खात पडलेलेच आहेत. आणि मोहल्ल्यातल्या, स्टाफरूममधल्या माझ्या दोन्हीकडच्या दोस्तांनी आधी ‘सेपरेशन’ आणि कपाडियांचा सिनेमा पाहावा. पाहून शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल याव्यात, चहा माझ्याकडून.